गगनबावड्याहून पोच आली नाही

विलास,

तुझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी अजून बंद केलेला नाही. बंद केला तर परत चालू होताना पासवर्ड मागेल आणि तो कुणालाच माहीत नाही, असं मी सरांना सांगितलंय. खरं कारण तेवढंच नाही. मला भीती वाटते. मी कशाकशाला भिते ते तू चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगत सुटायचास. सरांची हाक, इंग्रजीतली सूचना, वीज गेल्यावर उडणारी फाईल, आणि पाल. आता त्यात, जिथं बसून हे लिहिते आहे त्या अँब्युलन्सच्या फोनच्या खोलीची भर पडली आहे. आपण दोघांनी मिळून केलेलं काम चालू झालंय, माणसांचे जीव त्याच्या भरवशावर आहेत आणि ते सांभाळायला मी एकटी आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "भ्या की मग, तुझं कामच हाय ते." म्हणून तुलाच लिहिते आहे.

आपण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात एकाच दिवशी कामाला लागलो होतो. मी जयसिंगपूरहून एसटीनं आले होते. बाबा वर्कशॉपची ड्यूटी सोडून मला गाडीत बसवायला आले होते आणि उतरेपर्यंत मला वाटत होतं, हीच गाडी परत पकडावी. तू दारात उभा होतास, मालक असल्यासारखा. "या पावणं, बसा! पाणी घ्या." मी तुला सर समजून उभीच राहिले. मग खरे सर आले, त्यांनी तुलाही "नाव काय तुमचं?" विचारलं, आणि मला कळलं की तूही माझ्यासारखाच नवा आहेस. शिक्षण माझ्याएवढंच, पगार माझ्याएवढाच, आवाज मात्र तिप्पट. दुपारी तू न विचारता माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतलीस आणि तुझ्या गारगोटीच्या ठेच्यापुढं आमचा ठेचा म्हणजे श्रीखंड आहे असा निकाल दिलास. डबा उघडताना मी जरा बिचकले होते. आमच्या घरच्या डब्याला हात लावावा की नाही, याचा विचार करणारी माणसं मी शाळेत पाहिली होती. तू विचार केलाच नाहीस. तुझ्या ते गावीही नव्हतं. त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही.

मग ते अँब्युलन्सचं काम आलं. डॉक्टरांच्या एका ट्रस्टच्या चार गाड्या होत्या. गगनबावड्याला एक, गारगोटीला एक, जयसिंगपूरला एक आणि एक शहरात. फोन ट्रस्टच्या खोलीत यायचा, तिथला माणूस ड्रायव्हरला शोधत फिरायचा, आणि ड्रायव्हर सापडेपर्यंत पेशंटचे नातेवाईक वडापची जीप ठरवून मोकळे व्हायचे. सरांनी काम घेतलं: आलेला फोन कॉम्प्युटरवर टाकायचा, निरोप आपोआप ड्रायव्हरच्या मोबाईलवर जाईल, ड्रायव्हर एक आकडा दाबून कळवेल की निरोप मिळाला, निघालो. ते कळवणं म्हणजे पोच. हे सगळं मुळापासून लिहायला वेळ नव्हता, तेव्हा सर म्हणाले, निरोप नेण्याआणण्याची तयार लायब्ररी वापरा.

लायब्ररी म्हटल्यावर तुझ्या आईला वाटलं होतं, तू पुस्तकांच्या वाचनालयात बसून पगार घेतोस. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड आपल्या कामात जोडून घ्यायचा, हे तिला समजावताना तू म्हणालास, "आई, पिठाची गिरण घरात घालतो काय आपण? दळून आणतो. तसं हाय हे." ती म्हणाली, मग दळणाचा पगार एवढा कसा? तू हे मला सांगताना स्वतःच इतका हसलास की शेजारच्या कापडदुकानातला माणूस डोकावून गेला.

त्या लायब्ररीच्या माहितीचं पहिलं पान मला आठवतं. इंग्रजीतून लिहिलेलं, मोठ्या अक्षरात, की काही मिनिटांत सुरुवात करा. आपला आठवडा गेला. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेतलं, ते पान मी उघडायचे आणि लगेच बंद करायचे. तू मोठ्यानं वाचायचास, उच्चार गेले खड्ड्यात, आणि प्रत्येक वाक्याचं कोल्हापुरी करून द्यायचास. "हे काय म्हणतंय बघ. धाडणाऱ्यानं घेणाऱ्याची वाट बघत बसायची न्हाय. निरोप रांगेत ठेवायचा आन् आपल्या कामाला लागायचं. घेणारा येईल तवा घील." एवढं सोपं होतं ते. तुझ्या तोंडून आलं की सगळंच सोपं वाटायचं. आता तीच पानं मी एकटी वाचते आणि मध्येच थांबते, तू पुढचं सांगशील म्हणून.

तुझा कॉम्प्युटर धाडणारा, माझा घेणारा. पानावरच्या नमुन्यात कसला तरी नमस्कार होता, तो खोडून तू इंग्रजी अक्षरांत लिहिलंस, 'जेवलीस काय'. माझ्या पडद्यावर ते उमटलं आणि मी खुर्चीतून उठून ओरडले, "हो, जेवले!" पण ते थांबेना. परत आलं, 'जेवलीस काय'. परत. बघता बघता सगळा पडदा भरला. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं, आता सर येणार, आता घरी जावं लागणार. मी प्लग काढायला धावले तर तू माझा हात धरलास, हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी. "तोंडानं काय सांगतीस? पोच धाड की त्याला! मिळाला म्हणून कळवलं न्हाईस, तर त्यो इचारतच ऱ्हाणार. माझ्या आईसारखं हाय ते." मी पोच पाठवायची ओळच लिहायची विसरले होते. ती लिहिली आणि पडदा शांत झाला.

तू हसत होतास, पण माझ्या मनात भलतंच काहीतरी येऊन बसलं. मी तुला विचारलं, "आणि मी पोच धाडली, पण तीच वाटेत हरवली तर?" तू म्हणालास, तर तो परत पाठवेल. "पण मग त्याला कसं कळणार, की निरोप मिळाला नाही का पोच मिळाली नाही?" तू ते पान परत मागं नेऊन वाचलंस. मग म्हणालास, "त्याला न्हाय कळणार." आणि थोड्या वेळानं, "तुझ्यासारखं भित्रं माणूस शेजारी पायजे बघ." त्या दिवशी मला ते टोमण्यासारखं लागलं होतं.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. एकाच ड्रायव्हरला तोच निरोप परत परत पाठवण्यावरून नव्हे. त्याचा तोडगा आपण काढला होता: प्रत्येक निरोपाला नंबर दिला, एकच नंबर दुसऱ्यांदा आला तर ड्रायव्हरनं सोडून द्यायचा. खरा वाद पुढचा होता. ड्रायव्हरची पोच आलीच नाही, तर काय करायचं? तू म्हणालास, थोडी वाट बघायची आणि कॉम्प्युटरनं आपणहून दुसऱ्या तालुक्यातली गाडी सोडायची. मी म्हणाले, मुळीच नाही. ती दुसरी गाडी त्या तालुक्यातली एकुलती एक गाडी आहे. पहिला ड्रायव्हर निघाला असेल आणि नुसती पोच अडकली असेल, तर दोन गाड्या एकाच पेशंटकडे धावतील आणि मागं राहिलेल्या तालुक्याला कुणी वाली नाही.

तो नियम म्हणजे प्रोग्राममधली एक ओळ होती. तू ती चालू करायचास, मी ती बंद करायचे. सकाळी मी आधी आले तर बंद, तू आधी आलास तर चालू. सरांनी एकदा विचारलं की हे नक्की कुणाच्या मताप्रमाणं चाललंय, तर तू म्हणालास, "एसटी कुणाची वेळेवर येती त्याच्यावर हाय, सर."

मग आपण गगनबावड्याला गेलो, प्रत्यक्ष बघायला. धुकं एवढं की स्टँडवरची एसटी दिसेना. तिथले ड्रायव्हर शंकरमामा मोबाईल हातात उंच धरून आपल्याला एक एक जागा दाखवत फिरले. "हितं येती रेंज. हितं न्हाय. त्या वडाखाली आली तर आली. देवाच्या मनावर हाय म्याडम." तू कोल्हापूरला सरांना फोन लावून चाचणीचा निरोप पाठवायला सांगितलास. निरोप आला. मामांनी आकडा दाबला. तो गेला नाही. दाबत राहिले, गेला नाही. स्टँडजवळच्या मामांच्या खोलीतला साधा फोन वाजायला लागला, सर विचारत होते, मिळाला का? आपण खोलीत होतो म्हणून फोन उचलला. मी तुझ्याकडे बघितलं. मामा गाडी घेऊन निघून गेले असते, तर तो फोन उचलायला इथं कोण असतं? ते निघाले म्हणून उत्तर नाही, का निरोपच मिळाला नाही म्हणून उत्तर नाही, हे कोल्हापुरात बसलेल्या माणसाला कसं कळणार? तू गरम भजी तोंडात घालून म्हणालास, "म्हणून तर दुसरी गाडी सोडायची." मी म्हणाले, "म्हणून तर सोडायची नाही." मामा आपल्या दोघांकडे बघून म्हणाले, "नवरा-बायको हायसा काय?" आपण दोघंही एकदम 'नाही' म्हणालो, आणि परतीच्या एसटीत कळे गाव येईपर्यंत तू खिडकीबाहेर आणि मी तिकिटाकडे बघत बसलो. त्याबद्दलही कधी बोलणं झालं नाही. होईल, होईल म्हणत राहिलं.

कावीळ झाली तेव्हा तू आम्हाला सांगितलंस की चार दिवस ऊस खाऊन येतो. मी दवाखान्यात आले तेव्हा तुझे डोळे इतके पिवळे होते की मला नीट बघवेना. तू मात्र आधी ओळ विचारलीस. "बंद केलीस न्हवं?" मी सांगितलं, नाही. तू शेवटच्या दिवशी चालू करून गेला होतास, तशीच आहे. ती बंद करायचा धीर मला झाला नव्हता. तू खूश झालास. म्हणालास, "आईक. दोन गाड्या गेल्या तर एक माघारी येती. एकबी न्हाय गेली तर माणूस माघारी येत न्हाय." मी म्हणाले, "आणि ती माघारी येईपर्यंत तिकडं दुसरं कुणी तडफडत असलं तर?" तू डोळे मिटलेस. मला वाटलं, दमलास. मग म्हणालास, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तू कुणालाच ओळखत नव्हतास.

मी रक्षाविसर्जनाला गारगोटीला आले. तुमच्या घरच्या बायकांत कुठं बसावं ते कळेना, कोपऱ्यात उभी होते. तुझी आई आपणहून माझ्याकडे आली. "तूच का गं ती भांडणारी?" मी मान हलवली. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "लय नाव काढायचा तुझं. म्हणायचा, आई, हापिसात एक भित्री पोरगी हाय, म्हणून माझं काम चुकत न्हाय." विलास, एवढं तू मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? जयसिंगपूरला माझ्या आईनं त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना बसवून तुझ्यासाठी बुद्धवंदना घेतली. तू एकदाच आला होतास आमच्याकडे, आणि तिच्या हातची आमटी मागून मागून प्यालास, एवढं तिला पुरलं होतं.

काम चालू करायची तारीख पुढं ढकला म्हणून मी सरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. पण ट्रस्टला थांबणं शक्य नव्हतं. मी ट्रस्टच्या डॉक्टरांना दोन्ही बाजू सांगितल्या, माझी जास्त जोरात सांगितली. ते म्हणाले, "तूर्त विलासनी ठेवलंय तसं राहू द्या. अनुभव घेऊ." सुरुवातीचे दिवस मीच ट्रस्टच्या खोलीत बसायचं ठरलं. 

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, गगनबावड्याच्या पुढच्या एका वाडीवरून फोन आला. बाई अडली होती, पहिलंच बाळंतपण. मी लिहून घेतलं, कळ दाबली, निरोप गेला. पोच नाही. लायब्ररीनं परत पाठवला. पोच नाही. मामांचा मोबाईल लागेना. स्टँडजवळच्या खोलीतला फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. अगदी तेच, जे मी तुला हजारदा सांगितलं होतं. मला माहीत होतं की मामा बहुधा निघाले आहेत. बहुधा. त्या एका शब्दापाशी मी अडले. वाडीवरून ज्या पोरानं फोन केला होता त्यानं फोन ठेवताना विचारलं होतं, "येतीया न्हवं गाडी?" आणि मी "हो" म्हणून बसले होते.

मग तुझी ओळ चालली. पडद्यावर आलं, शहरातली गाडी सोडतो आहे. ते रद्द करायला थोडा अवधी ठेवायला मीच तुला लावलं होतं, आठवतं? माझा हात माऊसवर होता. रद्द करू शकत होते. मी हात काढून घेतला. शहरातल्या ड्रायव्हरची पोच लगेच आली आणि गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली.

ती कळे गावाच्या पुढं गेली असेल नसेल, आणि इथं शहरातल्याच शाहूपुरीतून एका बाईचा फोन आला. सासऱ्यांच्या छातीत दुखतंय, घामानं भिजलेत, गाडी पाठवा. माझ्याकडे गाडी नव्हती. विलास, माझ्याकडे गाडी नव्हती! मी तिला म्हणाले, "थांबू नका, मिळेल त्या रिक्षात घाला." ती ओरडली, "आवं मग तुमी कशाला बसलाय तितं?" मी काय सांगणार होते? शहराच्या गाडीला माघारी बोलवायचा धीर झाला नाही, फोनकडे बघत बसले. पुन्हा वाजू नये असंही वाटत होतं, आणि वाजावा असंही. त्यानंतर कधीतरी शंकरमामांची पोच आली. एकदा, मग परत एकदा, मग लागोपाठ, अडकून पडलेल्या सगळ्या एकदम. मागोमाग त्यांचा फोन. "आवं म्याडम, तवाच दाबलाय की मी आकडा! जाईना त्यो. बाईला दवाखान्यात पोचवली, पोरगी झाली. दोगी बऱ्या हायत. आन् दुसरी गाडी कशापाय धाडली? वाटंत काळ्याकुट्ट पावसात त्यो समोरनं आला, म्या माघारी धाडला." मी रडत होते, त्यांना वाटलं रेंज गेली.

शाहूपुरीचे आजोबा वाचले. शेजाऱ्यांनी रिक्षातून नेलं म्हणून वाचले. संध्याकाळी डॉक्टरांनी फोन करून सांगेपर्यंत मी खोलीतून हलले नाही. त्या सुनेचा आवाज अजून कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. रागावले नव्हते, उलट मला समजावायच्या सुरात बोलत होते. "मॅडम, तुम्ही म्हणत होता तेच झालं. पहिली गाडी गेलेलीच होती. दुसरी उगीच पळाली आणि इकडं पेशंट अडकला. आता तो नियम काढून टाकू या ना?"

इतके महिने मी हे ऐकायला टपले होते. तुझ्यासमोर कुणीतरी मोठ्या माणसानं म्हणावं, की प्रज्ञाचंच खरं होतं. तू तोंड पाडून बसावंस आणि मग दुपारी माझ्या डब्यातलं जास्त खाऊन सूड घ्यावास. डॉक्टर उत्तराची वाट बघत होते. मला ती दुपार आठवली. वाजणारा आणि कुणी न उचललेला फोन. मामा बहुधा निघालेत असं स्वतःला सांगत नुसतं बसून राहणं, त्या बाईचा जीव त्या 'बहुधा'वर टांगून. ते मला जमलं नव्हतं. परत कधी जमणार नाही.

मी म्हणाले, "नको. ठेवू या."

डॉक्टर बघतच राहिले. "अहो, विरोध तर तुमचाच होता."

"होता," मी म्हणाले. ते मान हलवत गेले. ते गेल्यावर मी दार लावलं. आजवर शाहूपुरीच्या त्या सुनेच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी होतं. ती मी होते. तू जोरात असायचास आणि मी तुझा शर्ट धरून मागं ओढत असायचे, म्हणून आपलं बरं चाललं होतं. आता मी तुझ्या बाजूला आले आहे आणि इथं येऊन बघते तर तू नाहीस. उद्या पुन्हा पोच येणार नाही. पुन्हा मी दुसरी गाडी सोडेन. त्या वेळी माझ्याशी भांडायला, माझा हात धरायला, "प्रज्ञा, थांब, मागं कोण राहिलंय ते बघ" असं म्हणायला या खोलीत कोण असणार आहे, विलास?